हात कोणाचा लागला

मांद्रे, पेडणे
१५ एप्रिल २०२५

चि. प्रज्योत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर झालेलं बोलणं दुसऱ्या दिवशी ज्याला जसं हवं तसं आठवतं. म्हणून लिहितो. तूही उत्तर लिहूनच पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

माझी नात तनया फोंड्याला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे आईवडील मस्कतला, त्यामुळे हॉस्टेलमधून शनिवार-रविवारी ती माझ्याकडे येते. सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडायचा, ही तिची दोन वर्षांची इच्छा. ४ तारखेच्या शुक्रवारी ती म्हापशाला बस बदलून मुद्दाम डिचोलीला तुझ्या दुकानात आली आणि मदरबोर्ड घेऊन गेली. म्हापशात चार दुकानं असताना तिला तुझ्याकडे पाठवणारा मीच. म्हटलं, आपल्या हाताखाली शिकलेला मुलगा आहे, फसवणार नाही.

रविवारी रामनवमीची जेवणं झाल्यावर तिने सगळं जोडलं. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. तीन तास खटपट केली. बुधवारी कॉलेज बुडवून ती बोर्ड घेऊन तुझ्याकडे आली, तर तू म्हणालास की आतल्या पिना वाकल्या आहेत, हे गिऱ्हाइकाच्या हातून झालेलं आहे, बदलून मिळणार नाही. पोर घरी आली ती न जेवता झोपली.

तनया खोटं बोलत नाही. नवीन वस्तू चालली नाही तर ती बदलून देणं हा दुकानदाराचा धर्म आहे. तुझे वडील सखाराम खाणीवर ट्रक चालवायचे, पण दुसऱ्याचं ओंजळभर सामान त्यांनी कधी ठेवून घेतलं नाही. त्यांचा मुलगा आहेस, एवढंच सांगतो.

आईला नमस्कार सांग.

तुझा
कृष्णनाथ आसोलकर


डिचोली
१९ एप्रिल २०२५

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे. आईला दाखवलं, तिने हात लावून पाहिलं.

गुरुजी, तनयाशी मी त्या दिवशी नीट बोललो नाही असं तिला वाटलं असेल तर माफी मागतो. दुकानात गर्दी होती. पण बोर्डाबद्दल जे सांगितलं ते खरं आहे. समजावून सांगतो.

मदरबोर्डावर मधोमध एक चौकोन असतो, त्याला सॉकेट म्हणतात. त्यात प्रोसेसर बसतो. त्या चौकोनात केसाहून बारीक अशा हजारावर पिना उभ्या असतात, सोन्यासारख्या दिसतात. त्यांच्यावर काळं प्लास्टिकचं झाकण असतं. ते काढल्यावर आत बोटसुद्धा लावायचं नसतं. तनयाने परत आणलेल्या बोर्डात एका कोपऱ्यातल्या आठ पिना एकाच दिशेला ओढल्या गेल्या आहेत. प्रोसेसर चुकून पडला तर पिना दबतात, अशा ओढल्या जात नाहीत. आणि त्या पिनांत तांबड्या सुताचा एक धागा अडकलेला होता. म्हणजे कोणीतरी फडक्याने आत पुसलं. मी तनयाला विचारलं, ती म्हणाली तिने पुसलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला ते खरं वाटलं. पण मग कोणी, हे मला सांगता येत नाही.

मी भिंगातून फोटो काढून कंपनीला पाठवले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नाकारलं. आमच्यासारख्या लहान दुकानाला वर कोणी विचारत नाही.

एक करता येईल. भिंगाखाली सुईने पिना सरळ करून बघतो. जमेल याची खात्री नाही, पण प्रयत्न मी स्वतः करीन.

तुमचा विद्यार्थी
प्रज्योत


मांद्रे
२८ एप्रिल २०२५

श्री. प्रज्योत सखाराम गवस यांस,

आपलं १९ तारखेचं पत्र पोचलं.

धाग्याबद्दल आपण जे लिहिलं आहे त्यात मी शिरत नाही. असे बारीकसारीक पुरावे दुकानदाराला केव्हाही दाखवता येतात. वस्तू नवीन होती आणि ती चालली नाही, एवढंच मला दिसतं. सुईने सरळ केलेला बोर्ड नको. नवा हवा.

ग्राहक आयोगाकडे तक्रार आज पाठवली आहे. प्रत सोबत जोडली आहे.

यापुढे या बाबतीत आपण तनयाशी परस्पर बोलू नये. तिची परीक्षा चालू आहे. आपलं पत्र मी तिला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही.

रविवारी, ४ मे रोजी, आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. मला बोलायला बोलावलं आहे. तिथे भेट होईलच.

कृ. म. आसोलकर


डिचोली
८ मे २०२५

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

चार दिवस लिहू की नको करत होतो.

मेळाव्यात तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत हे खरं. "माझ्याच हाताखाली शिकलेला एक जण आज दुकान घालून बसलाय, आणि गुरूच्या नातीला बिघडलेला माल देऊन वर तिलाच दोष देतोय. मी अक्षर शिकवलं, नियत शिकवायला कमी पडलो." एवढंच म्हणालात. पण डिचोलीत कॉम्प्युटरचं दुकान असलेला तुमचा विद्यार्थी मी एकटाच. दोनशे माणसं होती. सगळ्यांच्या माना वळल्या त्या मी पाहिल्या. आई बायकांच्या रांगेत दुसऱ्या खुर्चीवर होती. तुमचं भाषण ऐकायचं म्हणून सकाळपासून तयार होऊन बसली होती. ती उठली नाही. भाषण संपेपर्यंत समोर बघत राहिली. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, आई, तसं काही नाहीय. ती म्हणाली, "बरां."

शाळेच्या कॉम्प्युटर खोलीचं काम यंदा मला द्यायचं ठरलं होतं. मंगळवारी समितीचे गोकुळदास भेटले. म्हणाले, वातावरण जरा निवळू दे, तोवर दुसऱ्या कोणाकडून करून घेतो. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

काल आई म्हणाली, "दी त्यांका बदलून." मी कारण विचारलं नाही. आज म्हापशाच्या बसने नवा बोर्ड पाठवतो आहे, तिथून पेडण्याच्या गाडीत घालायला सांगितलं आहे. तो कंपनीने दिलेला नाही, दुकानातला आहे. त्यासोबत एकच विनंती, मी चुकलो म्हणून पाठवला असं समजू नका.

प्रज्योत


मांद्रे
११ मे २०२५

श्री. प्रज्योत गवस यांस,

बोर्ड मिळाला. तनया आली की तिच्या हवाली करीन. तक्रार मागे घेण्याचं बघतो.

कृ. म. आसोलकर


फोंडा
१९ मे २०२५

प्रज्योतदादा,
नमस्कार.

मी तनया. तुम्हाला पत्र लिहायचं कारण फोनवर मला हे बोलता येणार नाही.

या शनिवारी घरी गेले तेव्हा आजोंनी नवा बोर्ड माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, घे, जिंकलीस. मी तो उघडला नाही. या पत्राबरोबर ऋतिकाच्या हाती तुमच्याकडे परत पाठवते आहे. ती माझी मोरजीची मैत्रीण, तिचा भाऊ डिचोलीला कामाला असतो.

दादा, पिना माझ्याच हातून वाकल्या असणार. त्या दिवशी तुमच्या दुकानात मी नाही म्हटलं, कारण मला खरंच आठवत नव्हतं. नंतर खूप विचार केला. शुक्रवारी रात्री बॉक्स आणून जनेलाजवळ, उजेड येतो तिथल्या मेजावर ठेवला. शनिवारी मी ऋतिकाकडे प्रोसेसर आणायला गेले होते. रविवारी उघडला तेव्हा काळं झाकण जागेवरच होतं. म्हणजे आत जो हात लागला तो माझाच. तांबडा धागा कुठला ते कळत नाही, माझ्याकडे तसला एकही कपडा नाही. पण दुसरं कोण असणार? मी झाकण काढलं, मी प्रोसेसर बसवला. माझे हात थरथरत होते हेही आठवतं, आनंदाने.

वेर्ण्याच्या एका कारखान्यात दोन जूनपासून सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, असे बोर्ड जोडायचं. आमच्या वर्गातून दोघींची निवड झाली होती. मी दहा तारखेला नाव काढून घेतलं. जिला घरातला एक बोर्ड धड बसवता येत नाही तिने तिथे जाऊन काय करायचं?

मेळाव्यातलं मला ऋतिकाकडून कळलं. तुमच्या आईही तिथे होत्या असं ती म्हणाली. मला तोंड दाखवायला जागा नाही.

आजोंना यातलं काही सांगू नका. ते माझ्यासाठी सगळ्यांशी भांडले. त्यांना कळलं की मीच खोटी होते, तर त्यांना गावात वर बघता येणार नाही.

तनया


डिचोली
२३ मे २०२५

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

तनयाचं पत्र सोबत पाठवतो आहे. तिने तुम्हाला सांगू नको असं लिहिलंय. तिचा शब्द मोडतोय, याची मला लाज वाटते. पण ते माझ्याजवळ ठेवून घेतलं असतं तर जास्त वाटली असती.

आधी माझी चूक. बोर्ड विकताना मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर झाकण उघडून सॉकेट दाखवतो आणि बिलावर सही घेतो. तनयाला दाखवलं नाही. गुरुजींच्या नातीकडून सही कशी घ्यायची, असा संकोच वाटला. पहिल्या पत्रात मी हे लपवलं, कारण ते लिहिलं असतं तर तुमची बाजू भक्कम झाली असती. त्या दिवशी पाच मिनिटं खर्च केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता दुसरं. तनयाचं पत्र मी तीन वेळा वाचलं. शनिवारी ती घरी नव्हती. झाकण काढून परत बसवता येतं. शाळेत तुमच्या टेबलाच्या खणात तांबडं फडकं असायचं. पृथ्वीचा गोल, घंटा, घड्याळ, सगळं तुम्ही स्वतः पुसायचात, आम्हाला हात लावू द्यायचा नाहीत.

मी तुम्हाला काही विचारत नाही. उत्तरही नको.

फक्त तनयाला एवढं लिहा, की तो हात तिचा नव्हता. कोणाचा ते लिहायची गरज नाही. माझ्या दुकानातला होता असं लिहिलंत तरी चालेल. बोर्ड विकण्याआधी माझ्याकडून पुसला गेला, आता लक्षात आलं, असं मी तिला सांगेन. तशीही लोकांची समजूत तीच आहे, त्यात नवीन काही बिघडणार नाही. पण प्रशिक्षण दोन जूनला सुरू होतंय. लवकर लिहा.

तुमचा
प्रज्योत


मांद्रे
२७ मे २०२५

चि. प्रज्योत,

पुन्हा 'चिरंजीव' लिहायचा अधिकार मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. 'श्री. गवस' लिहायचा तर कधीच नव्हता.

तो हात माझा.

शनिवारी, ५ एप्रिलला, तनया मोरजीला गेल्यावर मी मेजापाशी गेलो. पोरीने एवढ्या कौतुकाने आणलेली वस्तू बघावी, एवढंच मनात होतं. बॉक्स उघडला, पिशवीतून बोर्ड काढला. मी असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. एखाद्या गावाचा नकाशा असावा तसा. त्या काळ्या झाकणाला अंगठा लागला आणि ते टपकन सुटलं. आत सोनेरी चमकत होतं. मला वाटलं त्यावर धूळ आहे. रेडिओवरचं फडकं घेतलं आणि एकदा फिरवलं. ते अडकलं. मी ओढलं. मग झाकण दाबून बसवलं, सगळं होतं तसं ठेवलं आणि चहा करायला गेलो. काही बिघडलं असेल हे डोक्यातही आलं नाही. तनयाचा बोर्ड चालेना तेव्हाही आलं नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं ते मी प्रामाणिकपणे लिहिलं, एवढं तरी खरं मान.

तुझं १९ तारखेचं पत्र मी बाहेरच्या बाकावर बसून वाचलं. 'तांबड्या सुताचा धागा' इथे आलो आणि पुढची ओळ दिसेना. फडकं आत रेडिओवर होतं. उठलो, त्याची कड पाहिली. सूत निघालेलं होतं. मी ते चुलीत घातलं.

त्यानंतर आठवडाभर मी तुला लिहिलं नाही. रोज ठरवत होतो की आज तनयाला सांगू. शनिवारी ती आली. माझ्यासमोर बसून म्हणाली, "आजो, तुम्ही सोडून कोणाला माझ्यावर विश्वास नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर तोच हात घेऊन तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो. का लिहिला, याचं उत्तर मी स्वतःकडे बरेच दिवस मागतो आहे. अडतीस वर्षं मुलांना म्हणत आलो की चूक झाली तर उभं राहून सांगावं. माझी चूक तर किती लहान होती. म्हाताऱ्याने न कळणाऱ्या वस्तूला फडकं लावलं. तनया हसली असती, तू हसला असतास. मला ते हसणं नको होतं. आजोंना यातलं काही कळत नाही, असं त्या पोरीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. एवढ्याशासाठी.

आणि मेळावा. प्रज्योत, ४ मे रोजी मला सगळं माहीत होतं. मी रागाच्या भरात बोललो असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. तुझ्या पत्राची मला भीती वाटत होती. तुझ्याजवळ धागा होता. माणसांनी तुझ्यावर विश्वास ठेवण्याआधी त्यांचा तुझ्यावरचा विश्वास काढून घ्यावा, असा तो हिशोब होता. बोलताना तुझी आई मला दिसत होती.

बोर्डाची पोच देताना दोन ओळींपलीकडे लिहिता आलं नाही, त्याचं कारणही हेच.

तनयाने नाव काढून घेतलं हे मला तुझ्या पाकिटातून कळलं. शनिवारी ती गप्प होती, मी समजलो परीक्षेचा थकवा. काल तिला सगळं लिहून पाठवलं, हॉस्टेलच्या पत्त्यावर, स्पीडपोस्टने. फोन करायचं धैर्य झालं नाही. तू दुकानाचं नाव पुढे करायला तयार झालास. ते मी घेणार नाही.

तक्रार मागे घेतली. गोकुळदासांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो गुरुजी, वयाप्रमाणे होतं." कॉम्प्युटर खोलीचं काम दुसऱ्याला देऊन झालं आहे. मी त्यांना म्हटलं, वयाने झालेलं नाही. त्यांनी विषय बदलला.

तुझ्या आईला भेटायला यायचं आहे. येऊ द्याल का, एवढं कळव.

कृष्णनाथ


फोंडा
३ जून २०२५

आजो,

पत्र शुक्रवारी मिळालं. मिळाल्यावर आधी वेर्ण्याला फोन केला. माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली होती. बाई चांगल्या बोलल्या, पुढच्या वर्षी अर्ज कर म्हणाल्या. कालपासून ते सुरू झालं. माझ्या खोलीतली मुलगी सकाळी सातच्या बसने गेली, मी तिला डबा भरून दिला.

तुम्ही बोर्ड पुसलात याचा मला राग नाही. शपथ. मी तुम्हाला तो आधी दाखवायला हवा होता, तुम्ही विचारत होता आणि मी म्हटलं, उद्या.

राग याचा आहे, की मी एक महिना माझ्या हातांकडे बघत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता. परीक्षेत प्रॅक्टिकलला वायर लावताना माझे हात थांबायचे. मी तुम्हाला हे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दही-साखर खाऊन जा.

मला वाटायचं की मी खोटी आहे, आणि माझ्यामुळे तुम्ही सगळ्यांसमोर खोटे पडणार. त्याची लाज वाटून मी तुमच्याशी बोलत नव्हते.

मी या शनिवारी येणार नाही. त्याच्या पुढच्या शनिवारचं माहीत नाही. गोळ्या वेळेवर घ्या. शेजारच्या शेवंतीमावशीला संध्याकाळचं येऊन जायला सांगितलं आहे, ती पाव आणून देईल.

प्रज्योतदादांना मी फोन केला. त्यांनी तो जुना बोर्ड टाकलेला नाही. दुकानात येऊन पिना सरळ करायचा प्रयत्न कर म्हणाले. मी जाणार आहे.

तनया


मांद्रे
१२ जून २०२५

श्रीमती भाग्यलक्ष्मी गवस यांस,
वहिनी, नमस्कार.

रविवारी तुम्ही मला घरात घेतलंत, बसायला कदेल ओढून दिलीत, चहा दिलात. मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मास्तर, तुमी सांगलात तां मी आयकलंय. पण त्या दिवशी दोनशे माणसां आयकत होती. आज मी एकटीच आसंय."

परतीच्या बसमध्ये मला तेच ऐकू येत होतं. मेळाव्याला आलेल्या सगळ्यांची यादी मी मागवून घेतली आहे. पत्ते आहेत. प्रत्येकाला हाताने पत्र लिहून पाठवणार आहे. त्यातलं पहिलं तुम्हाला पाठवतो. वाचून बघा. कुठे काही राहिलं असेल किंवा खटकलं असेल तर तिथे खूण करा. तुमच्याकडून परत आलं की मगच बाकीची लिहीन.

पत्र असं आहे:

'४ मे रोजी आपल्या मेळाव्यात बोलताना मी एका माजी विद्यार्थ्यावर लबाडीचा आरोप केला. नाव घेतलं नाही, पण तो प्रज्योत सखाराम गवस, हे आपल्या सर्वांना कळलं, आणि कळावं म्हणूनच मी तसं बोललो. त्याने माझ्या नातीला दिलेला मदरबोर्ड चांगला होता. माझ्या नातीच्या हातूनही तो बिघडला नाही. तिच्या माघारी मी तो उघडून फडक्याने पुसला, त्यामुळे बिघडला. प्रज्योतने बदलून द्यायला नकार दिला तो योग्य होता. तरीही त्याने पुढे नवा बोर्ड पाठवला, आणि मी तो ठेवून घेतला. गैरसमजातून माझ्या तोंडून जे शब्द गेले ते सगळे मी परत घेतो. त्याची आई त्या दिवशी समोर बसली होती. ज्यांनी ज्यांनी घरी जाऊन माझं बोलणं सांगितलं असेल, त्यांनी हे पत्रही घरी वाचून दाखवावं. उत्तर पाठवू नये.'

कृष्णनाथ आसोलकर


डिचोली
१८ जून २०२५

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

तनया शनिवारी सकाळी दुकानात आली, रविवारीही आली. भिंगाखाली बसून तिने सुईने पिना सरळ केल्या. सात झाल्या. आठवी मुळातूनच सैल होती, ती तुटली. बोर्ड आता चालणार नाही. मला वाटलं ती रडेल. तिने तुटलेली पीन चिमट्याने उचलली, कागदावर ठेवली आणि माझ्याकडे दुरुस्तीला आलेला एक लॅपटॉप बघू का म्हणून विचारलं. दुपारपर्यंत तिने तो उघडून परत जोडला. पुढच्या शनिवारीही येते म्हणाली. तुमच्याबद्दल तिने काही काढलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त जाताना म्हणाली, आजो मांद्र्याला एकटेच असतात, तुमची त्यांच्याशी बोलाचाली आहे ना? मी आहे म्हटलं.

तुमचं पत्र आईने स्वतः वाचलं. ती सातवीपर्यंत शिकली आहे, बोट ठेवून वाचते, त्यामुळे वेळ लागला. मग माझ्या बिलबुकातलं पेन मागितलं. सोबत पत्र परत पाठवतो आहे. तिने एकाच ठिकाणी रेघ मारली आहे, 'गैरसमजातून' या शब्दावर. बाकी सगळं तिला मान्य आहे.

मला विचारलं असतंत तर तो शब्द मी राहू दिला असता. मी तिला म्हटलंसुद्धा, आई, एवढा एक शब्द असू दे, म्हातारा माणूस आहे. ती म्हणाली, "गैरसमज झालो तो माका. मास्तरांक सगळां ठावक होतां."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. गुरुजी, ४ मेपासून आईने मला या बाबतीत एक शब्दही विचारला नव्हता. मी समजत होतो की माझ्यावर विश्वास आहे म्हणून तिला विचारायची गरज वाटली नाही.

प्रज्योत